हराळी आणि गाजरगवत

रक्तदान शिबिरानंतर पत्र आलं होतं : तुमच्या रक्तात हेपटायटिस बी आहे, डॉक्टरांना भेटा. त्रास काहीच नव्हता, म्हणून पत्र कपाटात टाकलं. अकरा वर्षांनी पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर यकृतात अडीच सेंटिमीटरची गाठ, कर्करोगाची. ऑपरेशनला आता सहा वर्षं झाली. शिकलो ते हे :

१. दुखत नाही यावर जाऊ नका. यकृत फार उशिरा कुरकुरतं. सिरॉसिस असेल किंवा बी-विषाणूमुळे धोका असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच.

२. गाठ किती, यापेक्षा यकृत किती उरणार ते विचारा. माझ्या सर्जननी बिलिरुबिन, प्लेटलेट आणि सीटीवरची मापं यांचाच हिशेब जास्त केला. निरोगी यकृत कापलं तरी भरून येतं. सिरॉसिसचं तितकं येत नाही.

३. सगळे पर्याय ऐकून घ्या. एवढी लहान गाठ सुई घालून जाळताही येते. माझी मोठ्या रक्तवाहिनीला लागून होती. वाहतं रक्त सुईची उष्णता पळवतं, म्हणून कापावी लागली.

४. कापलेल्या भागाच्या रिपोर्टात ‘कडा स्वच्छ’ एवढं वाचून मी पेढे वाटले. घाई झाली. ऑपरेशननंतर पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना गाठ पुन्हा होते. शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. हराळीचं एखादं कांडं मातीत राहिलं की तीच पुन्हा फुटते. पहिल्या दोन वर्षांतल्या गाठी बहुधा अशा. गाजरगवत मुळासकट उपटलं तरी बी जमिनीत असतंच. उशिरा येणाऱ्या गाठी बहुधा तशा, आजारी यकृतात नव्याने उगवलेल्या.

५. एका तपासणीवर विसंबू नका. चौथ्या वर्षी दुसऱ्या भागात दीड सेंटिमीटरची गाठ निघाली, तेव्हा रक्तातलं एएफपी (अशा गाठीची खूण देणारं प्रथिन) नॉर्मल होतं. सीटीने पकडली. या वेळी सुईवर भागलं.

६. विषाणूची गोळी चुकवू नका. गाठ गेली तरी तो जात नाही; त्याला दाबून ठेवलं की पुन्हा गाठ होण्याचा धोका कमी होतो.

७. घरच्यांचं रक्त तपासा. बायको-मुलांना लस दिली. धाकट्या भावात विषाणू सापडला.

ते जुनं पत्र आता फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. पुढच्या तपासणीची तारीख मी त्याच्याच पाठीवर लिहितो. माझी आणि भावाचीही.