वेरूळचा पाषाण आणि ज्वालामुखीचे प्रकार

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांस घेऊन वेरूळास जात असता वाटेत देवगिरीचा किल्ला दिसू लागला. सभोवार मोकळे रान आणि मध्येच सुमारे ६०० फूट उंचीचा तो शंकूसारखा डोंगर! भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचे जे चित्र असते, तेच जणू समोर उभे होते. मी मुलांस सांगून टाकले, “हा पाहा विझलेला ज्वालामुखी.” तोच मागल्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मग सर, याचे तोंड कोठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावर ग्रंथ चाळले, तेव्हा माझेच सांगणे चूक असल्याचे आढळून आले. ती चूक ज्या मुलांच्या वह्यांत उतरली असेल, त्यांनी ती या लेखावरून खोडावी.

ज्याच्या मुखातून ज्वाला निघतात तो ज्वालामुखी, असा या शब्दाचा अर्थ असल्याने आपण प्रथम पर्वत शोधतो आणि मग त्याचे मुख शोधतो. परंतु केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. कांगडा प्रांतात ज्वालामुखी नावाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथील ज्योती भूगर्भातून येणाऱ्या वायूच्या आहेत, ज्वालामुखीशी त्यांचा काही संबंध नाही. ज्वालामुखीची खरी खूण ज्वाला नव्हे, तर शिलारस. भूपृष्ठाखाली खोलवर काही ठिकाणी खडक वितळतो आणि तो रस वाट सापडेल तेथून वर येतो.

हा रस पातळ की दाट, यावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते. वाळूत मुख्यत्वे जे द्रव्य असते ती सिलिका रसात कमी असली म्हणजे तो पातळ राहतो. अधिक असली म्हणजे चिकट होतो. स्वयंपाकघरात याचा पडताळा सहज मिळेल. गुळाचा पातळ पाक ताटभर पसरतो, गोळीबंद पाक पडल्या जागीच राहतो. पातळ आमटी निमूटपणे उकळते. दाट पिठल्यास कढ आला की बुडबुडे फुटून शिंतोडे हातावर उडतात. चिकट शिलारसात कोंडलेले वायूही असेच, परंतु महाभयंकर वेगाने, बाहेर पडतात.

अशा चिकट रसाचे व राखेचे थर आलटून पालटून साचले म्हणजे उंच, उभ्या उताराचा शंकू तयार होतो. जपानचा १२,३८८ फूट उंचीचा फुजी पर्वत या जातीचा, इ. स. ७९ मध्ये पाँपेई नगर गाडून टाकणारा इटलीतील व्हेसूव्हियसही याच जातीचा. रस पातळ असेल तर पालथ्या ढालीसारखा रुंद व मंद उताराचा पर्वत होतो. हवाई बेटावरील मौना लोआ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नुसत्या निखाऱ्यांसारख्या खड्यांची रास साचूनही लहान टेकडी बनते. मेक्सिकोत १९४३ च्या फेब्रुवारीत एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात अशी एक टेकडी उगवली आणि १९५२ पर्यंत धुमसत राहिली. आपल्या देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे.

चौथ्या प्रकारास मात्र पर्वतच नसतो. जमिनीस लांबच लांब भेग पडते आणि तीतून रस पुराच्या पाण्यासारखा पसरतो. आइसलंडात १७८३ साली लाकी येथे सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने असा उद्रेक चालला. रसाहूनही त्याबरोबर निघालेले विषारी वायू घातक ठरले. गवत दूषित झाले, गुरे-मेंढरे मेली, आणि पुढे पडलेल्या दुष्काळात त्या देशातील अदमासे पाचवा हिस्सा माणसे दगावली.

आपला महाराष्ट्र याच चौथ्या प्रकाराने घडला आहे, आणि ज्या उद्रेकांनी तो घडला त्यांपुढे लाकीचा उद्रेक अगदीच किरकोळ होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी शिलारसाचे पूर एकावर एक येत गेले. आज झिजून उरलेला त्यांचा विस्तारही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि पश्चिमेकडे थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. धुळे-नंदुरबार भागात भिंतींसारख्या उभ्या, लांबट टेकड्या दिसतात. त्या म्हणजे भेगांतच थिजून राहिलेला रस. दोन पुरांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला तर वरचा खडक कुजून माती होई. घाटातील कड्यांत काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो बहुधा अशाच मातीचा असतो.

वेरूळची लेणी याच काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टात, कोरलेली आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास लेणे तर कळसापासून पायथ्याकडे खोदीत आणले. त्याचे आवार सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा सुमारे १०७ फूट उंच आहे. तेथून अदमासे दोन लक्ष टन दगड काढला गेला असावा, असे मानतात. त्या कारागिरांस शिलारसाची वार्ता नव्हती. पण घट्ट दगड कोणता व सच्छिद्र कोणता, हे त्यांच्या छिनीस निश्चित ठाऊक असले पाहिजे.

देवगिरीचा डोंगरही अशाच आडव्या थरांचा आहे. भोवतालचे थर पाऊसपाण्याने झिजून गेले व मधला तेवढा उरला. पुढे किल्ला बांधणाऱ्यांनी त्याच्या बाजू तासून उभ्या केल्या. तोंड नव्हतेच, तर सापडणार कोठून? उलट बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहून कोणीही त्यास ज्वालामुखीचे मुख म्हणेल, आणि पूर्वी पुष्कळांनी म्हटलेही. पण ते आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे आता सिद्ध झाले आहे.

पुढल्या वेळी वेरूळास जाल तेव्हा लेण्यांस हात न लावता ओढ्यातील गोटे उचलून पाहा. कित्येकांवर बारीक भोके आढळतील. ते थिजत्या रसातून सुटू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे. काहींत पांढरे, चकचकीत खडे भरलेले दिसतील. रस निवाल्यानंतर खडकात पाणी झिरपून त्या पोकळ्यांत ते जमले. आमच्या त्या मागल्या बाकावरच्या मुलाने असा एक गोटा सुट्टीत वर्गात आणून ठेवला आहे. त्यातील एकशे चौदा भोके त्याने मोजली असून, मोजणी अद्याप चालू आहे.