पडद्यावर कविता का विस्कटते?

यवतमाळ जिल्ह्यातील नेर या गावावर तुम्ही कविता रचली व ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली, असे समजा. पडद्यावर मात्र ‘नेर’ऐवजी नऊ परकी चिन्हे उमटली! दोन अक्षरांची नऊ चिन्हे कशी झाली?

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. युनिकोड या प्रमाण संकेतात ‘न’चा क्रमांक २३४४, एकाराच्या मात्रेचा २३७५ व ‘र’चा २३५२ आहे. म्हणजे ‘नेर’मध्ये घटक तीन. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. तीन त्रिक नऊ. ब्राउझरने एका बाइटला एक चिन्ह देणारी जुनी युरोपीय पद्धत गृहीत धरली, की नऊ चिन्हे दिसणारच. कविता शाबूत असते, चुकते ते वाचन. तेव्हा ती पुन्हा टंकत बसू नका. (कित्येक जण रात्र जागून तेच करतात!) फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि पानाच्या शीर्षभागात तशी नोंद द्या.

चरण एकापुढे एक धावत असतील, तर कारण वेगळे. ब्राउझर नव्या ओळीची खूण साधी मोकळी जागा मानतो. प्रत्येक चरणानंतर ओळ तोडण्याची आज्ञा द्यावी लागते.

जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. येथे नोंद बदलून भागत नाही. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते. त्यानंतर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द आधी तपासा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या.