दव, तेल आणि बुटाचा तळ

थंडीत घसरून पडण्याची गोष्ट निघाली की डोळ्यांपुढे काश्मीर येते. पालघर जिल्ह्यात बर्फ दिसतो तो सातपाटीच्या बंदरात, मासळीच्या पेट्यांमध्ये. तरीही मनोरच्या मस्तान नाक्यावर पहाटे चहाला थांबणाऱ्या टँकरचालकांशी बोलून पाहावे. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेला तेही वचकून असतात, आणि त्याचे कारण दव. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या टँकरचा पत्रा लवकर गार पडतो, हवेतले बाष्प त्यावर साचते. त्यात आधीचा तेलाचा ओघळ असला की पाय ठरत नाही. पावसात माणूस जपून पाऊल टाकतो. आभाळ निरभ्र असले की ती सावधगिरी सुटते.

मनोरजवळच्या एका पाड्यावरचा चाळिशीतला चालक हा धडा दुखण्यातून शिकला. तारापूर एमआयडीसीतून माल भरून चिल्हार फाट्याकडे निघायचे होते. वरचे झाकण नीट बसले आहे का, हे पाहायला तो टँकरवर चढला, पायात रबरी स्लीपर. उतरताना शिडीच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला. मनगट मोडले, माकडहाडाला मार बसला, गाडी दुसऱ्याच्या हाती गेली. आता नवा क्लीनर आला की तो एवढेच सांगतो, ‘‘शिडीकडे तोंड करून उतर. शेवटच्या पायरीवरून उडी मारू नको. स्लीपर केबिनमध्ये, खाली उतरताना बूट.’’

त्याच्या सांगण्यात आणखी एका नियमाची भर घालायला हवी. चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम राहिले पाहिजेत. म्हणजे हातात कागद, मोबाइल किंवा डबा नको.

कारखान्याच्या आत ही निसरड बारमाही असते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद असे सगळे उद्योग आहेत, आणि प्रत्येकाची निसरड वेगळी. कॉस्टिकचे पाणी सांडले की फरशी साबण लावल्यासारखी होते. यंत्रातले तेल गळते, कोरडी पावडर सांडली तरी पाय सरकतो. चालताना आधी टाच टेकते. टाच आणि फरशी यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर अडकला की टाच पुढे निघून जाते आणि माणूस मागे कोसळतो. म्हणूनच अशा पडण्यात डोक्याची मागची बाजू, मनगट आणि खुबा यांना इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात.

इथेच बुटांविषयीचा एक मोठा गैरसमज आड येतो. पुढे लोखंडी टोपी असलेला ‘सेफ्टी शूज’ घातला की काम झाले, असे अनेकांना वाटते. ती टोपी पायावर पडणाऱ्या वजनापासून बोटे वाचवते. घसरण्याशी तिचा संबंध नाही. पकड येते ती तळाच्या रबरातून आणि नक्षीतून. नक्षीच्या खाचा कडेपर्यंत उघड्या असाव्यात, म्हणजे पाणी बाहेर फेकले जाते. तेलाच्या जागी नायट्राइल रबराचा तळ टिकतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ हलका आणि आरामशीर असतो, पण किनाऱ्याच्या दमट हवेत नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी ठिसूळ होऊन तुकड्यातुकड्याने सुटू शकतो. त्यामुळे गोदामातला जुना साठा स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नये.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस 15298’ हा क्रमांक पाहावा. युरोपीय निकषांच्या बुटांवर ‘एसआरसी’ लिहिलेले असेल, तर तो बूट साबणपाण्याच्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर अशा दोन्ही ठिकाणी तपासला गेला आहे, असे समजावे. 2022 च्या सुधारित निकषात ही खूण बदलून ‘एसआर’ झाली. माप मात्र पायात घालून, मोज्यासकट पाहावे. दोन नंबर मोठा बूट स्वतःच पाडतो.

चांगल्या तळाने खरेच फरक पडतो का? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या साडेचार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर हे पाहिले गेले. काहींना घसरणरोधक बूट दिले, बाकीचे नेहमीच्या पादत्राणांत राहिले. बूट मिळालेल्यांमध्ये घसरण्याचे प्रमाण 37 टक्क्यांनी कमी आढळले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास रुग्णालयांतल्या फरशांवरचा असला, तरी ओल्या फरशीवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

37 टक्के म्हणजे सगळे नव्हे. उरलेले काम फरशीने करायचे असते. कारखाने अधिनियम, 1948 च्या 32 व्या कलमाने फरशा, जिने आणि वाटा घसरवणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 11 व्या कलमाने ओल्या फरशीचा निचरा करायला सांगितले. बूट वाटले म्हणून गळका व्हॉल्व्ह तसाच ठेवता येत नाही.

पडलेच तर ‘काही नाही, चोळून बरे होईल’ म्हणत घरी जाऊ नये. अपघात-वहीत नोंद करून घ्यावी. ईएसआयसीत नाव असलेल्या कामगाराला कामावरच्या दुखापतीमुळे रजा घ्यावी लागली, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या 90 टक्के दराने मिळतो. पण त्यासाठी अपघात कामावरच झाला, हे कागदावर असावे लागते. ठेक्यावरच्या माणसाने ठेकेदाराने आपले नाव खरेच नोंदवले आहे का, हे आजच तपासावे.

पाळीला निघण्याआधी बूट उलटा करून पाहावा. खाचांत चिखल किंवा ग्रीस बसले असेल तर ब्रशने काढावे. टाचेची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर तो बूट पुन्हा घालू नये, सुपरवायझरकडे नवा मागावा. आणि खरेदीची सही ज्यांच्या हातात आहे, त्यांनी हेल्पर, क्लीनर आणि ठेका कामगारांनाही कायम कामगारांच्याच दर्जाचे बूट द्यावेत.