दशांशचिन्हाच्या उजवीकडची घरं

पाचवी-सहावीच्या मुलांना विचारून पाहा, ०.४ मोठे की ०.३५? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ४ पेक्षा ३५ मोठे. आपणच 'शून्य पॉइंट पस्तीस' असं वाचतो, मग मुलांना तिथे पस्तीस दिसणारच! 'शून्य दशांशचिन्ह तीन पाच' असं वाचायची सवय लावली तर गोंधळ बराच कमी होतो.

एकक, दशक, शतक मुलांना पाठ असतं, पण त्या घरांमधलं नातं लक्षात आलेलं नसतं. ३३३ मधले तिन्ही ३ दिसायला सारखेच. डावीकडून उजवीकडे येताना मात्र प्रत्येक घराला किंमत आधीच्या दहाव्या भागाइतकी होते: तीनशे, तीस, तीन. मग एककाशीच का थांबायचं? पुढच्या घरात एकाचा दहावा भाग, त्यापुढे शंभरावा. नियम तोच. एककाचं घर कुठे संपलं एवढंच दशांशचिन्ह सांगतं. ०.४ म्हणजे ४ दशांश, म्हणजेच ४० शतांश. आता ३५ शतांशांशी तुलना करा.

यासाठी आपली एक लाडकी युक्ती मात्र सोडावी लागेल: 'दहाने गुणायचं? पुढे शून्य लावा.' २.५ पुढे शून्य लावलं की २.५० होतं, किंमत जागची हलत नाही! त्यापेक्षा पहिल्यापासूनच 'सगळे अंक एक घर डावीकडे सरकतात' असं शिकवावं. मग २५ चे २५० होतात, तसेच २.५ चे २५.

प्रत्येक टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे, हे क्रिकेटवरून पटकन पटतं. ४.३ षटकं म्हणजे ४ षटकं ३ चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. तेवढ्यात ३६ धावा झाल्या तर धावगती ८. कॅल्क्युलेटरवर ३६ ला ४.३ ने भागणाऱ्याला ८.३७ मिळते.

घरं दहाचीच हवीत असंही नाही. आजी-आजोबांना जुनी वजनं विचारा: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. १३ छटाक तोलायला अच्छेर, पावशेर आणि छटाक ठेवायचं, नवटाक नाही. ठेवलं तिथे १, नाही तिथे ०, असं लिहिलं की झालं ०.११०१. हीच द्विमान पद्धती! (वजनं पुठ्ठ्याची करून वर्गात खेळ घेता येतो.)

पण अशी निम्मी निम्मी वजनं कितीही बारीक केली तरी शेराचा दहावा भाग नेमका तोलता येत नाही. म्हणूनच कॉम्प्युटरवर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कधीकधी ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. आपल्या दशमान पद्धतीतही एक तृतीयांश लिहिताना ०.३३३… संपतच नाही. प्रत्येक घर तिसऱ्या भागाचं केलं, तर तोच अपूर्णांक नुसता ०.१ होतो.