गाडीखालचा डाग कशाचा?

प्रश्न : आमचं घर आळेफाट्याला. दर आठवड्याला कारने कल्याणला जावं लागतं. हल्ली सकाळी गाडीखाली ओला डाग दिसतो. तो कशाचा हे घरच्या घरी ओळखता येईल का? आणि तोवर माळशेज उतरायला हरकत नाही ना?
– एक वाचक, आळेफाटा

उत्तर : आधी डाग तुमच्याच गाडीचा आहे ना, ते बघा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथली जमीन कांद्याच्या ट्रकांनी कधीच काळी करून ठेवली आहे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरा आणि पुढची चाकं कुठे येतात ते त्यावर पेनाने खुणवून ठेवा.

सकाळी नुसत्या रंगावर जाऊ नका. कुलंट कंपनीगणिक हिरवा, लाल, गुलाबी असतो आणि स्टेअरिंग ऑइलही बऱ्याचदा लालच असतं. थेंब दोन बोटांत चोळून बघा. बुळबुळीत नाही, वास नाही, वाळल्यावर मागमूस नाही, तर ते एसीचं पाणी. बहुधा डाव्या बाजूला, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायाखाली पडतं आणि पावसाळ्यात जास्त. ते खाली न पडता आतलं मॅट भिजत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय.

काळपट, चिकट, करपट वासाचं असेल तर इंजिन ऑइल. इथे एक गंमत आहे. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरलेलं ऑइल इंजिनवरून ओघळत चेंबरपर्यंत येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने आणखी मागे सरकतं. त्यामुळे डागाच्या थेट वर दिसणारा नट बिचारा निर्दोष असू शकतो. गळती त्याच्या वर आणि पुढे शोधायची. चार थेंबांनी गाडी अडत नाही, पण सपाट जागी, गार इंजिनवर पट्टी काढून ऑइल किती आहे ते बघत जा.

आता माळशेज. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या खाली पातळ, पिवळसर, बुळबुळीत थेंब असेल तर ते ब्रेक ऑइल समजा. मग माळशेज सोडाच, ओतूरपर्यंतही गाडी नेऊ नका; मेकॅनिकला घरी बोलवा. बॉनेट उघडून बाटलीतली पातळी बघा. पॅड झिजले की ती गळतीशिवायही हळूहळू उतरते, पण जमिनीवर थेंब आणि पेडल मऊ, हे दोन्ही एकत्र आलं की शंकेला जागा नाही. वरून ऑइल ओतून वेळ मारून नेणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नका.

गळती नसली तरी हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

राहिला कुलंट. बुळबुळीत आणि गोडसर वासाचा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर येतं. आणि तो डाग तसाच सोडू नका, भरपूर पाण्याने धुऊन काढा. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं, आणि त्याच्या गोडीने कुत्री-मांजरं ते चाटतात.