नवीन पिल्लाला हगवण लागली तर

मैत्रिणींनो, पशुपालनाच्या या पानावर आपण शेळ्या, करडं, कोंबड्या यांच्याबद्दल नेहमी बोलतो. या वेळी कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलू. कुणी म्हणेल, "कुत्र्याचा कसला आलाय पाठ!" पण रात्री शेळ्यांच्या वाड्याशी जागं कोण असतं? खुराड्याकडे मुंगूस नाहीतर रानमांजर वळलं की पहिला आवाज कोण देतं? हा राखणदार पगार मागत नाही, म्हणून त्याची किंमत आपल्या हिशेबाच्या वहीत चढत नाही, एवढंच.

पावसाळा सरला की गावोगाव पिल्लं दिसू लागतात. पोरं एखादं उचलून आणतात, नाहीतर शेतशेजाऱ्याकडून मागून आणलेलं असतं. दोन दिवस कौतुक चालतं आणि तिसऱ्या दिवशी पातळ शी सुरू होते. "होईल आपोआप बरं" म्हणून सोडून दिलं जातं. कधी खरंच बरं होतं. कधी मात्र दोन दिवसांत पिल्लू आडवं पडतं आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झालेला असतो. यातलं कुठलं घरी सांभाळायचं आणि कुठलं लगेच उचलून न्यायचं, हे आज शिकून घेऊ.

लहान बाळाच्या हगवणीबद्दल आशाताई काय सांगतात ते आठवा. धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. पिल्लाचंही तेच. दीड-दोन महिन्यांचं गावठी पिल्लू असतं जेमतेम दीड-दोन किलोचं, त्याच्या अंगात पाण्याचा साठा तो केवढा! मोठा कुत्रा दोन दिवस जुलाब सोसून उठून बसतो. पिल्लाला एक दिवससुद्धा भारी पडतो.

पोट कशानं बिघडतं

सगळ्यात साधं कारण म्हणजे आपली माया. पिल्लू घरी आलं की वाटीभर म्हशीचं दूध, त्यात चपाती कुस्करून, वर दोन बिस्किटं. कालपर्यंत आईच्या दुधावर असलेल्या पोटाला हे एकदम झेपत नाही. कुत्रीच्या दुधात दुधाची साखर ३ टक्क्यांच्या आसपास असते, गाई-म्हशीच्या दुधात ती ५ टक्क्यांच्या जवळ जाते. आणि पिल्लू मोठं होत जातं तशी ही साखर पचवायची ताकद कमी होते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून शी पातळ होते. आपल्या दुधात खोट नसते, ते या पोटासाठी नाही एवढंच. त्यात जागा बदललेली, आई-भावंडं सुटलेली, रात्रभर रडलेलं पिल्लू. त्या ताणानंही पोट बिघडतं.

म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. पिल्लू आणताना ते तिथे काय खात होतं ते विचारून घ्या. पहिले काही दिवस तेच द्या, मग आपल्या घरचं अन्न रोज थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदल करा.

दुसरं कारण जंत. गोल जंत पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्या अंगात शिरतात, आईच्या दुधातूनही येतात. म्हणजे आपण आणलेलं पिल्लू जंत घेऊनच आलंय असं धरून चाला. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं दिसलं की घरातली जाणती माणसं "बाळसं धरलंय" म्हणतात. ते बाळसं नव्हे ताई, ते जंत. शीतून किंवा उलटीतून शेवयांसारखे पांढरे जंत पडतातही. आकड्यासारख्या तोंडाचे दुसरे बारीक जंत असतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. ते सहसा नजरेला पडत नाहीत, पण शी डांबरासारखी काळी होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात.

तिसरं कारण पार्व्हो. कुत्र्यांचा हा विषाणू १९७८ च्या सुमारास लक्षात आला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. लस न मिळालेल्या, दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो जास्त धरतो. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. आधी पिल्लू खेळायचं थांबतं, खाणं सोडतं, मग उलट्या सुरू होतात, मग रक्ताची आणि फार घाण वासाची हगवण. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून अँटिबायोटिक असे उपचार वेळेत मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात. उपचाराविना घरात ठेवलेली बहुतेक दगावतात. माणसाला हा आजार होत नाही.

पिल्लू हातात घेऊन पाहा

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओली हवी. बोटानं दाबली की पांढरी होते, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. बोटाला चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. चटकन जागेवर बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली, हळूहळू खाली गेली, डोळे खोल गेलेले दिसले, तर वाट बघायची नाही.

हाक मारल्यावर शेपटी हलवत येतंय, पाणी पितंय, खेळतंय, उलटी नाही आणि शी फक्त पातळ आहे, अशा पिल्लाला एक दिवस घरी सांभाळता येतं. पण पुन्हा पुन्हा उलटी होतेय, शी रक्ताची किंवा काळी आहे, पाणी तोंडात घेत नाही, कान-पंजे गार पडलेत, हिरड्या पांढऱ्या आहेत, पोट टणक फुगलंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर यातलं काही नसतानाही त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. शेतात फवारणी झालीय किंवा घरात उंदराचं औषध टाकलंय आणि पिल्लाला उलटी-जुलाब झाले, तर ते औषधाचं पाकीट सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरूनच पुढचं ठरवता येतं.

आणखी एक, आणि हे हगवणीपेक्षाही मोठं आहे. पिल्लाची लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, विनाकारण चावायला धावतंय असं दिसलं तर "घशात हाडूक अडकलं असेल" म्हणून तोंडात बोट घालू नका. पिल्लालाही रेबीज होतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना लावत बसू नका.

घरी काय करायचं

पाणी आधी. मेडिकलमध्ये मिळणारी जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठी असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये, एकदम कालवा. अर्धी पुडी अंदाजानं टाकू नका. वाटीत ठेवलं तर बहुतेक पिल्लं चाटतात. नाही चाटलं तर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं, दर अर्ध्या तासाला दोन-तीन चमचे, थेंबाथेंबानं. पिल्लाला उताणं धरून, मान वर करून ओतायचं नाही. ठसका लागतो, पाणी फुप्फुसात जातं आणि हगवणीतून वाचलेलं पिल्लू त्यानं जातं. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. साधं पाणीही शेजारी असू द्या.

मग अन्न. "पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवा" हा सल्ला मोठ्या कुत्र्यासाठी ठीक, पिल्लासाठी नाही. पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो. दिवसभर उपाशी ठेवलं तर ते थरथरायला लागतं, ग्लानीत जातं. दोन-तीन तास पोट रिकामं राहू दिलं की पुरे. त्यानंतर मऊ शिजवलेला आसट भात, त्यात उकडून कुस्करलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस किंवा उकडलेलं अंडं. मीठ, मसाला, तेल, हळद, फोडणी काही नको. घरात मांस-अंडं चालत नसेल तर भातात उकडलेला तांबडा भोपळा कालवा आणि चमचाभर घरचं दही. दोन-तीन दिवस तेवढ्यानं भागतं. एका वेळी दोन-तीन चमचेच, दिवसातून पाच-सहा वेळा. शी घट्ट झाली की लगेच जुन्या खाण्यावर उडी नको, चार-पाच दिवसांत हळूहळू वळा.

दूध बंद. सासूबाई म्हणतील, ताक पाजा. बिनमिठाचं पातळ ताक दोन चमचे दिल्यानं सहसा बिघडत नाही, पण नुसत्या ताकावर पिल्लू राहत नाही.

रात्री त्याला ऊब लागते. गोणपाट, वर जुनं लुगडं, वारा न लागणारा कोपरा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग अन्न. थंड अंगात अन्न पचत नाही.

हे मात्र देऊ नका

आपल्या घरात हगवणीवर पटकन काय येतं? कोरी चहा पावडर, उगाळलेलं जायफळ, नाहीतर मेडिकलमधून आणलेली जुलाब थांबवायची गोळी. चहातलं कॅफिन आणि जायफळ कुत्र्याला सोसत नाही. माणसाच्या गोळीचं प्रमाण दोन किलोच्या जिवाला कुणी अंदाजानं काढू नये, आणि पार्व्होत किंवा विषबाधेत शी नुसती कोंडून धरली तर घाण आतच राहते. अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी दिली तर तीच जीव घेऊ शकते. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, म्हणून रस्सा-भात नको. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडाला घातक. कोंबडीची शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात.

शेळ्यांसाठी आणलेली जंताची बाटली अनेकींच्या घरात असते. "थोडंसं पिल्लाला" हा विचार करू नका. औषध वेगळं, ताकद वेगळी, वजनाचा हिशेब वेगळा. पिल्लाला पिशवीत घालून भाजीच्या काट्यावर तोला, ते वजन डॉक्टरांना सांगा आणि त्यांनी दिलेलंच औषध द्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा पशुपालकांसाठीचा टोल फ्री क्रमांक आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाबद्दल तिथे विचारता येतं.

लेकरांचं काय

पिल्लाची शी अंगणात पडून राहिली तर त्यातली जंतांची अंडी काही आठवड्यांत मातीत पक्व होतात. मातीत खेळून तसंच तोंडात हात घालणाऱ्या लेकराच्या पोटात ती गेली तर अळ्या अंगात फिरतात, कधी डोळ्यापर्यंतही जातात. आकड्याच्या जंतांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. म्हणून शी रोज उचला, खड्ड्यात पुरा, हात साबणानं धुवा. आजारी पिल्लाची शी काढणं हे काम पोरांना सांगू नका.

जंताचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं झालं की सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी एकदा. पार्व्होसकट इतर आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एकदा टोचलं की झालं, असं नाही. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि दरवर्षी. एकत्र लस सरकारी दवाखान्यात दर वेळी असेलच असं धरू नका, आधी विचारून जा. मेडिकलमधून न्यायची असेल तर बर्फात न्या, उन्हात तापलेली लस पाण्यासारखीच. रेबीजच्या लशीची दहा डोसांची बाटलीही येते. गटातल्या दहाजणींनी आपापली कुत्री एकाच दिवशी आणली तर एक बाटली नीट वापरली जाईल. बैठकीत हा विषय घेऊन पशुसखीमार्फत दिवस ठरवून घ्या. तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, गाभण शेळीची तारीख लिहितो तशाच.

पार्व्होनं एखादं पिल्लू गेलं असेल त्या घराला आणखी एक काळजी घ्यावी लागते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि फिनाईलनं मरेलच असं नाही. फरशी असेल तर आधी घाण काढून धुवा, मग एक लिटर पाण्यात चमचाभर ताजी टीसीएल पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटं राहू द्या. सारवलेल्या जमिनीवर टीसीएलचा फारसा उपयोग होत नाही. वरचा थर खरवडून काढा, पुरा आणि जागा कडक उन्हात मोकळी ठेवा. गोणपाट जाळून टाका, वाटी टीसीएलच्या पाण्यात बुडवून धुवा. लेकरं रडतात म्हणून दुसऱ्याच आठवड्यात नवं पिल्लू आणू नका. वर्ष थांबणं जमत नसेल तर लशींचे सगळे डोस झालेलं, चार महिन्यांच्या पुढचंच पिल्लू आणा.