मुष्टियुद्धाचे हातमोजे

शिरूर काय नि दौंड काय, आपल्याकडे कुस्ती सर्वांना ठाऊक. लंगोट कसला, मातीत उतरले, की झाले. मुष्टियुद्धाचे, म्हणजे बॉक्सिंगचे, तसे नाही. तेही परके नाही म्हणा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंगच खेळत. १९६५ च्या युद्धात ते जबर जखमी झाले. पुढे १९७२ साली अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले.

आता पोरगा म्हणतो, "आबा, मला ग्लोव्हज घेऊन द्या." मुलगी म्हणाली तरी दचकू नका. २०१२ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचेही मुष्टियुद्ध होते. पण पैसे काढण्याआधी शिकवणारा गाठा. त्याच्याजवळ मोजे असतील, तर पहिला महिना त्यावरच जाऊ द्या. हौस टिकते का, ते कळेल.

आधी घ्यायची ती पट्टी. ही कापडाची, मोठ्या माणसाला सुमारे साडेचार मीटर लांब लागते. मनगट आणि बोटांचे सांधे तिने बांधतात. पुष्कळ लोक मोजे घेतात आणि पट्टी विसरतात. मग मनगट मुरगळते.

मोजे औंसावर मिळतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. तर १२ औंसाचा एक मोजा किती भरेल? हिशेब करून पाहा. ३३६ ग्रॅम, बरोबर ना? साधारण बांध्याच्या तरुणाला शिकायला १२ औंस ठीक. जोडीदाराबरोबर खेळताना मात्र १६ औंसाचे बरे. जड मोज्यात गादी जास्त, म्हणून समोरच्याला कमी लागते. दुकानात पट्टी बांधूनच मोजा घालून पाहा. मूठ सहज वळली पाहिजे, मनगटाचा पट्टा घट्ट बसला पाहिजे. गादी अंगठ्याने दाबा. आतली बोटे लगेच हाताला लागली, तर तो मोजा ठेवून द्या, कितीही चकचकीत असो.

दातांचे कवच ज्याचे त्याचे. ते गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवतात. भावाभावांत एक चालणार नाही. स्पर्धेत लाल रंगाचे चालत नाही, कारण तोंडातले रक्त पंचाला दिसले पाहिजे.

डोक्याच्या टोपाविषयी आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे. टोपाने भुवई फुटणे टळते, पण मेंदूला बसणारा हादरा तो थांबवत नाही. टोप आहे म्हणून जोरात मारा, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. ठोसा लागून डोके गरगरले, ओकारी आली, की खेळ तिथेच बंद करून डॉक्टरकडे न्यावे. दुसऱ्या दिवशी बरे वाटले, म्हणून लगेच पुन्हा उतरू देऊ नये.

ठोसे मारायची पिशवी मात्र घरी होते. जाड गोणीत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरा. नुसती वाळू भरू नका. ती खाली बसते, आणि दगडावर मारल्यासारखे होते.

खेळून झाल्यावर मोजे तोंड उघडे ठेवून वाऱ्यावर, सावलीत टांगा. पट्ट्या रोज धुवा.